अपघाताची किंमत आणि अहवालाचे मोल

१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अवघ्या काही सेकंदांत एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला आणि जमिनीवरील माणसे धरून मृतांची संख्या २६० झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षक-कक्षात दुसरा विषय नव्हता. चहा येईपर्यंत दोष इंजिनाचा ठरला होता, चहा संपेपर्यंत तो पक्ष्यांवर गेला. महिन्याभराने प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. दोन्ही इंजिनांना इंधन पुरविणारे खटके उड्डाणानंतर लगेच, एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेले होते. एका वैमानिकाने दुसऱ्यास ते बंद का केलेस असे विचारले होते आणि दुसऱ्याने आपण तसे केले नाही असे उत्तर दिले होते. अहवालाने यापलीकडे जाऊन कोणावरही ठपका ठेवला नव्हता. शिक्षक-कक्षाने मात्र तो तेथल्या तेथे ठेवला, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रकरण निकालात निघाल्याचे समाधान दिसले.

मी त्या समाधानाचा विचार करीत राहिलो. त्यात मीही सामील होतो, म्हणून अधिकच.

अपघात घडला की 'जबाबदार कोण' हा प्रश्न आपल्याला प्रथम सुचतो. 'हे घडू कसे शकले' हा प्रश्न सुचलाच तर मागाहून. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विचारण्याची गरज भासत नाही. विमान वाहतुकीच्या इतिहासाचे वैशिष्ट्य असे की, तिने हा क्रम उलटा करण्याचा प्रयत्न केला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ साली अपघात-चौकशीचे जे नियम प्रथम स्वीकारले, त्यांच्या तेराव्या परिशिष्टाचे मुख्य सूत्र आज हेच आहे: चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष वा दायित्व निश्चित करणे हा नाही. ते काम न्यायालयांनी स्वतंत्रपणे करावे. हे वाक्य वरवर पाहता साधे, किंबहुना थोडे भाबडेही वाटते. त्याचे मोल समजण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपला सह्याद्री आणि आपला अरबी समुद्र पुरेसे आहेत.

१ जानेवारी १९७८. नववर्षाच्या पहिल्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोका' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले. एअर इंडियाच्या ताफ्यातील हे पहिलेच जंबो. विमानाने समुद्रावर येऊन उजवीकडे वळण घेतले, ते पुरे करून विमान सरळ झाले. परंतु कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान कोणत्या अंगाला किती कलले आहे हे दाखविणारे यंत्र, अजून उजवा कलच दाखवीत राहिले. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश. खरे क्षितिज दिसण्याचा संभव नव्हता. कप्तानाने बिघडलेल्या यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवले, आणखी कलवले. उड्डाणानंतर दोन मिनिटे पुरी होण्यापूर्वीच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

आता या घटनेचा निकाल एका ओळीत देता येतो: 'वैमानिकाची चूक'. ती ओळ असत्यही नाही. कप्तानाच्या डोळ्यांसमोर एक यंत्र खोटे बोलत होते, तरी त्याच कक्षात तशीच दुसरी यंत्रे होती आणि त्यांच्याशी ताडून पाहणे शक्य होते. परंतु ध्वनिमुद्रणातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपले यंत्र बिघडल्याचे कप्तानाच्या लक्षात आले होते, ते त्याने बोलूनही दाखविले. मात्र सहवैमानिकाच्या उत्तराने उलगडा होण्याऐवजी गोंधळच वाढला. मागे बसलेल्या उड्डाण-अभियंत्याने 'त्या यंत्रावर विसंबू नका' अशा अर्थाचे उद्गार काढले, तोवर वेळ निघून गेली होती. तिघे अनुभवी माणसे हाताच्या अंतरावर बसली होती, आणि खरी माहिती त्या कक्षात उपलब्ध होती. ती ज्याच्या हाती चक्र होते त्याच्यापर्यंत योग्य क्षणी पोचली नाही. 'वैमानिकाची चूक' म्हणून फाइल बंद केली, की हा भाग फाइलच्या आतच राहतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक परिचित गोष्ट दिसू लागते. माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. पावाचा तुकडा एकाने खाल्ला तर तो दुसऱ्याला मिळत नाही. माहितीचे तसे नसते. एका विमानाच्या अपघाताचे कारण हजार वैमानिकांनी वाचले म्हणून ते झिजत नाही. आणि या वस्तूच्या उत्पादनाचा खर्च, क्रूर शब्द वापरायचा तर, आधीच झालेला असतो. तो मृतांनी व त्यांच्या घरच्यांनी केलेला असतो. वाटपाचा खर्च कागदाचा आणि टपालाचा. इतकी महाग मिळालेली व इतकी स्वस्तात वाटता येणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. तरीही ती वाटली जातेच असे नाही.

७ जुलै १९६२ रोजी सिडनीहून रोमकडे जाणारे अलितालियाचे जेट विमान मुंबईला उतरण्यासाठी अपेक्षेपेक्षा लवकर खाली आले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे गेली. सतरा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७९ च्या रात्री, पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे एव्हरो पावसाळी हवेत पनवेलच्या बाजूला डोंगरावर आदळले आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असे. मधल्या काळात, १ डिसेंबर १९७४ रोजी, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान याच प्रकारे डोंगरावर आदळून ९२ जण मेले होते. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकाने 'आता खाली उतरण्यास हरकत नाही' असा घेतला. नियंत्रकाच्या मनात डोंगरापासून सुरक्षित उंची राखण्याची जबाबदारी वैमानिकाची होती. चौकशीत निघाले ते असे, की केवळ सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान याच शब्दांच्या घोळामुळे त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी ते प्रामाणिकपणे कळविले आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. शेजारच्या कंपनीला ते कळले नाही.

या एका घटनेतून दोन गोष्टी जन्माला आल्या. जमीन धोकादायक रीतीने जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र डॉन बेटमन या अभियंत्याने आधीच तयार केले होते. ते अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले आणि पुढे जगभर गेले. दुसरी गोष्ट यंत्र नव्हे, टपालपेटी होती. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांनी व नियंत्रकांनी आपल्या हातून घडलेल्या चुका 'नासा' या त्रयस्थ संस्थेस गुप्तपणे कळवाव्यात, त्यातील नावे काढून टाकून मजकूर सर्वांस उपलब्ध करावा, आणि हेतुपुरस्सर न केलेल्या चुकीबद्दल कळविणाऱ्यास शिक्षेपासून मर्यादित संरक्षण मिळावे, अशी व्यवस्था सुरू झाली. पुरवठ्याचा नियम येथेही लागू पडतो. खऱ्या माहितीवर दंड बसविला तर तिचा पुरवठा आटतो, आणि बाजारात खोटी माहितीच शिल्लक राहते. आमच्या परीक्षा-विभागापासून तहसील कचेरीपर्यंत कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला हा सिद्धांत पुस्तकातून शिकावा लागत नाही.

एखादा धडा वाटला गेला नाही तर काय होते याचे थोडे हास्यास्पद उदाहरण मुंबईतच आहे. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून शेजारच्या जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरले. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ, साधारण एकाच दिशेच्या. एकोणीस वर्षांनी, १९७२ च्या सप्टेंबरात, जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. कोणी दगावले नाही, म्हणून आपण हसू शकतो.

औरंगाबादची घटना मात्र हसण्यासारखी नाही, आणि माझ्या मते ती प्रत्येक प्रशासन-अभ्यासक्रमात शिकवावी इतकी बोधप्रद आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारच्या कडक उन्हात इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. विमान भरलेले होते, आत ११८ माणसे. धावपट्टी संपत आली तरी ते वेळेवर उचलले गेले नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा सार्वजनिक रस्ता जातो. त्या क्षणी तेथून कापसाच्या गाठींनी उंच लादलेला एक ट्रक चालला होता. विमानाचा खालचा भाग ट्रकला घासला, पुढे काही अंतरावर ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांत सापडून कोसळले, आणि ५५ जण मेले.

दोषी कोण? विमान उशिरा उचलणारा वैमानिक म्हणता येईल, आणि चौकशीने ते म्हटलेही. पण त्याच चौकशीने त्याबरोबर दुसरे कारण नोंदविले: उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील रहदारी रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. ट्रकवाला तर आपल्या रस्त्याने, आपल्या कामाने चालला होता. वैमानिक दोन सेकंद चुकला. रस्ता मात्र तेथे रोज होता, ट्रक रोज जात होते, आणि विमाने रोज त्यांच्यावरून उडत होती. वर्षानुवर्षे काही झाले नाही याचा अर्थ धोका नव्हता असा आपण घेतो. वैमानिकाला शिक्षा केल्याने रस्ता हलत नाही. रेल्वे फाटकावर जो गडी लाल झेंडा घेऊन उभा राहतो, तेवढ्या व्यवस्थेने हा अपघात टळला असता. एका माणसाच्या पगाराचा आणि ५५ जिवांचा हा हिशेब अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही, कारण अंदाजपत्रकात न घडलेल्या अपघातांची जमा दाखविण्याची सोय नसते.

चांगले उदाहरणही दिले पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. म्हणजे मनात आणले तर आपल्यालाही येते.

यंत्र बसविणे तुलनेने सोपे. माणसाच्या स्वभावात यंत्र बसवावे कसे? विमानविद्येने केलेला सर्वांत कठीण सुधार मला याच बाबतीतला वाटतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो धावपट्टीवर एकमेकांवर आदळले व ५८३ जण मेले. डच विमानाच्या उड्डाण-अभियंत्याने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका विचारली होती. कप्तान हा कंपनीचा नामांकित प्रशिक्षक. त्याने ठामपणे होकार दिला आणि विषय संपला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करीत घिरट्या घालता घालता इंधन संपून पडले. इंधन संपत आल्याचे सांगितले गेले होते, पण ठासून सांगितले गेले नव्हते. यानंतर युनायटेड कंपनीने १९८१ पासून आपल्या वैमानिकांना एक वेगळेच शिक्षण सुरू केले: कनिष्ठाने वरिष्ठाला स्पष्ट शब्दांत सांगावे कसे, आणि वरिष्ठाने ते ऐकावे कसे. जुन्या कप्तानांना हा प्रकार प्रथम फारसा मानवला नाही, असे म्हणतात. मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

कारण हा धडा आपल्याकडे दोनदा परीक्षेला आला. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान फार उंचावरून व वेगाने उतरत होते. सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीनदा 'परत वर चला' असे सांगितले. कप्तानाने उतरणे चालू ठेवले. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले, १५८ माणसे मेली, आठ वाचली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी रात्री, कोळिकोडच्या तशाच डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर त्याच कंपनीचे विमान पाठीमागून वारा असताना निम्मी धावपट्टी मागे टाकल्यावर टेकले. येथेही सहवैमानिकाने शेवटच्या क्षणी परत फिरण्याची सूचना केली होती. २१ जण मेले, त्यांत दोघेही वैमानिक. कप्तान मराठी होते, हवाई दलात सेवा केलेले, अत्यंत अनुभवी. त्यांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचा येथे प्रश्नच नाही. उलट धडा हाच आहे की कर्तबगार माणसालाच दुसऱ्याच्या सावध शब्दाची गरज अधिक असते, आणि त्यालाच तो शब्द ऐकविण्याचे धाडस कोणी करीत नाही. चौकशी-अहवालानेही नियम न पाळणाऱ्या वैमानिकाबरोबर कंपनीच्या व्यवस्थेतील दोषांकडे बोट दाखविले.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी तयार केलेल्या एका प्रश्नपत्रिकेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या उदाहरणातील एक आकडा चुकला, आणि ते उदाहरण सुटेनासे झाले. परीक्षागृहात विद्यार्थी अर्धा तास झगडत राहिले. मागाहून कळले की ती प्रश्नपत्रिका टंकलिखित करणाऱ्या कारकुनाच्या, जो स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर होता, ते लक्षात आले होते. का सांगितले नाही, असे मी विचारले, तेही जरा रागानेच. तो म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, असं वाटलं." त्या वाक्यात आदर होता की भीती, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा त्याच्या जागी मीही तेच केले असते, आणि प्राचार्यांसमोर अनेकदा केलेही आहे. 'साहेब, जरा थांबा' हे तीन शब्द आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, घरांत किती महाग आहेत! शिक्षकाला मुलाने फळ्यावरची चूक दाखविली तर मुलाला शाबासकी मिळते की 'आगाऊ' ही पदवी, यावर तो मुलगा पुढे सहवैमानिकाच्या आसनावर बसून काय करील हे थोडेफार ठरत असते.

आता चौकशी करणाऱ्या संस्थेकडे वळू. २०१२ पर्यंत आपल्याकडे विमान-अपघातांची चौकशी प्रायः तेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करीत असे, ज्याच्याकडे विमानांना व वैमानिकांना परवाने देण्याचे काम होते. म्हणजे ज्याने उत्तरपत्रिका लिहिली त्याच्याकडेच ती तपासायला. मंगळूरनंतर स्वतंत्र अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाला. तथापि तोही त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, आणि हे स्वातंत्र्य कितपत पुरेसे आहे अशी शंका जाणकार घेत आले आहेत. गंमत अशी की रेल्वेच्या बाबतीत हे तत्त्व आपण फार पूर्वीच ओळखले. रेल्वे-सुरक्षा आयुक्त हा रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो; हे पद १९४१ सालीच रेल्वेच्या सत्तेपासून अलग करण्यात आले. ४ मे २०१४ रोजी नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान निडी गावाजवळ दिवा-सावंतवाडी पॅसेंजर रुळांवरून घसरून वीसच्या आसपास माणसे मेली, तेव्हा अशी त्रयस्थ चौकशी करणारा अधिकारी निदान अस्तित्वात होता.

पेणहून रोह्याला जाणाऱ्या माणसाने मात्र गाडीऐवजी रस्ता धरला, तर त्याच्यासाठी असा कोणीही नाही. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला सुमारे ४६०. म्हणजे अहमदाबादच्या पावणेदोनपट दुर्घटना रोज घडते, आणि तिचा प्राथमिक अहवाल कधीच निघत नाही. निघतो तो पंचनामा. 'चालकाने वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालविले' हे त्यातील वाक्य न्यायालयात काम करणाऱ्या कोणत्याही कारकुनाला पाठ असेल. वाक्य खरेही असू शकते. पण त्या वळणावर रात्री पांढरा पट्टा दिसत होता का, दुभाजक कोठे तुटला होता, अर्धवट कामावर इशाऱ्याचा फलक होता की नव्हता, त्याच जागी मागील पावसाळ्यात कोण मेले होते, हे त्यात नसते. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ ते नागोठणे प्रवास केलेल्या वाचकाला हे प्रश्न मी समजावून सांगण्याची गरज नाही. चिकलठाण्याचा कापसाचा ट्रक आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात उभा आहे.

आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, उलव्याची टेकडी कापून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच डिसेंबरात तेथून नियमित उड्डाणे सुरू झाली. ज्या डोंगररांगांच्या बाजूला १९७९ साली ते एव्हरो पडले, त्यांच्या परिसरातूनच आता जगातील उत्तम यंत्रांनी सज्ज विमाने ये-जा करतील, आणि त्यांतील प्रवासी कदाचित आकाशातील तासाभरापेक्षा पळस्प्यापासून घरापर्यंतच्या तासाभरात अधिक धोक्यात असतील.

म्हणून एक लहानशी मागणी करावीशी वाटते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता-सुरक्षा समिती असते, तिच्या बैठका होतात. त्या समितीने जिल्ह्यातील प्रत्येक प्राणघातक अपघाताविषयी एक पानाचे मराठी टिपण काढावे: जागा कोणती, वेळ कोणती, उजेड व रस्ता कसा होता, पूर्वी तेथे काय घडले होते, आणि आता तेथे कोणता बदल केव्हापर्यंत करणार. चालकाचे नाव त्यात नसले तरी चालेल, किंबहुना नसावेच. ते टिपण ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि एक प्रत तालुक्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात यावी. सांख्यिकीच्या तासाला कल्पित आकडे घेऊन सरासरी काढण्यापेक्षा आमच्या विद्यार्थ्यांनी ती टिपणे जुळवून पाहावीत, आणि तिसऱ्यांदा त्याच वळणाचे नाव आले, तर उठून तसे सांगावे.